जुन्या औषधी पाण्याची जाहिरात हाती लागली तर ती वाचायची कशी

चोरबाजारात मटण स्ट्रीटला एका शुक्रवारी सकाळी एक चिनीमातीची बाटली दिसली, तपकिरी, उंच, मानेला एकच कान. दुकानदार म्हणाला जहाजावरची रम आहे, अंग्रेज के जमाने की, साडेआठशे. घासाघीस करून तीनशेला घेतली नि लोकलमधे मांडीवर बाळासारखी धरून घरी आणली. रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवली तेव्हा खांद्याखालचा गोल शिक्का नीट दिसायला लागला, मधोमध जहाजाचा नांगर (म्हणून तो बिचारा रम म्हणत असणार) आणि भोवती अक्षरं, अपोलिनारिस ब्रुनेन, गेओर्ग क्रॉइत्सबर्ग. ब्रुनेन म्हणजे झरा. रम नाही, जिन नाही, पाणी! जर्मनीत ऱ्हाइनच्या खोऱ्यात या क्रॉइत्सबर्गला १८५२ मधे स्वतःच्या द्राक्षाच्या मळ्यात हा झरा सापडला, आणि पुढे तेच पाणी 'टेबलावरच्या पाण्यांची राणी' अशा जाहिराती करून देशोदेशी विकलं गेलं. आणि त्याची रिकामी बाटली शेवटी भेंडीबाजाराच्या बाजूला रम म्हणून उभी.

तेव्हापासून मला हा नाद लागलाय. जुन्या पेपरातल्या, कॅलेंडरवरच्या, बाटलीवरच्या औषधी पाण्याच्या जाहिराती जमवायच्या. ओळखीतले लोक फोटो पाठवतात आणि सगळे एकच विचारतात, "अगं हे खरं होतं का गं?" म्हणून एकदाच सगळं लिहून काढते, की अशी जाहिरात हातात आली की काय बघायचं.

पहिली गोष्ट, खरं की खोटं हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा, कारण बहुतेक जाहिरातींमधे एक कण खरा असतो. तो कण कुठला ते शोधायचं आणि मग त्या कणाचा डोंगर कसा केलाय त्याचा हिशोब मांडायचा. बास, एवढंच काम आहे, पण त्यातच मजा आहे.

सुरुवात पाण्याच्या जातीपासून करा. 'मिनरल वॉटर' हा शब्द बघून फसू नका, एकाच शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जायच्या. एक, जेवताना प्यायचं बुडबुड्यांचं पाणी, अपोलिनारिस, पेरिए वगैरे. दोन, जुलाबाचं पाणी. तीन, लिथियमवालं पाणी. चार, रेडियमवालं, आणि इथे जरा दम धरा कारण ही गोष्ट भयंकर आहे. शिवाय नुसता गॅस भरलेला सोडाही मिनरल वॉटर म्हणूनच खपायचा. जोसेफ प्रीस्टलीने १७६७ मधे इंग्लंडात लीड्सच्या बिअरच्या भट्टीशेजारी पाण्यात गॅस मिसळायची युक्ती काढली ती झऱ्यासारखं पाणी घरी बनवता यावं म्हणूनच, आणि त्याला वाटत होतं की खलाशांना होणारा स्कर्व्ही याने बरा होईल. तो काही झाला नाही, स्कर्व्हीला लिंबू लागतं, पण कॅप्टन कुकच्या १७७२ च्या सफरीवर हे पाण्यात गॅस भरायचं यंत्र गेलं होतं. म्हणजे सोडा आधी औषध होता आणि नंतर पेग मधला पार्टनर झाला. आपल्याकडे साहेबाचे नोकर त्याला विलायती पाणीच म्हणायचे.

जात कशी ओळखायची? डोस बघा. जेवणातल्या पाण्याच्या जाहिरातीत डोस नसतो, व्हिस्कीत घाला, दुधात घाला, कितीही प्या. औषधी पाण्याला मात्र डोस असतो. हुन्यादी यानोश नावाचं एक हंगेरियन कडू पाणी होतं, बुडापेस्टच्या आंद्रेआस सॅक्सलेनरने १८६३ मधे काढलेलं, त्याच्या जाहिरातीत सांगितलेलं असायचं की सकाळी न्याहारीच्या आधी एक वाइनचा ग्लासभर घ्या. एवढंसंच का? तर त्यात मॅग्नेशियम सल्फेट आणि सोडियम सल्फेट ठासून भरलेलं, म्हणजे आपलं एप्सम सॉल्ट आणि त्याचा भाऊ. ही क्षारं आतड्यात पाणी ओढून घेतात आणि तासा-दोन तासात काम फत्ते. म्हणजे जाहिरात बद्धकोष्ठाबद्दल अगदी खरं बोलत होती हो! एरंडेलापेक्षा कमी त्रासाचं आणि झऱ्यातून आलेलं म्हणून प्रतिष्ठितही. गंमत म्हणजे हुन्यादी हा तुर्कांशी लढलेला हंगेरीचा मोठा सेनापती, आणि त्याचं नाव जुलाबाला. आपल्याकडे कुणी असलं नाव ठेवलं असतं तर संध्याकाळपर्यंत मोर्चा निघाला असता.

तर इथे खरा कण मोठा होता. पण त्याच जाहिराती पुढे सरकून यकृत, मूळव्याध, डोकेदुखी, लठ्ठपणा सगळ्यालाच तेच पाणी सांगायला लागतात, आणि तिथे पेन्सिल घेऊन रेघ मारायची. कुठपर्यंत पाणी बोलतंय आणि कुठून पुढे जाहिरातवाला बोलतोय.

आता लिथियम. हे माझं सगळ्यात आवडतं. १८५९ मधे आल्फ्रेड गॅरॉड नावाच्या लंडनच्या डॉक्टरने लिहिलं की गाउटमधे सांध्यात जे युरिक ॲसिडचे खडे साठतात ते लिथियमच्या द्रावणात विरघळतात. प्रयोगशाळेत विरघळतात, खरंच. झालं, ज्या ज्या झऱ्यात लिथियमचा मागमूस होता त्यांनी पाट्या बदलल्या. अमेरिकेत व्हर्जिनियाचं बफेलो लिथिया वॉटर त्यातलं सगळ्यात गाजलेलं, हिरव्या बाटलीवर घडा घेऊन बसलेली बाई आणि वर 'निसर्गाचं औषधालय' अशा थाटाचं वाक्य. गाउट, संधिवात, मुतखडा, ब्राइट्स डिसीज (म्हणजे किडनीचा आजार, जुन्या जाहिरातीत हे नाव सारखं येतं, लक्षात ठेवा), सगळ्यावर चालायचं म्हणे. शेवटी अमेरिकन सरकारने १९०६ च्या शुद्ध अन्न-औषध कायद्याखाली कोर्टात खेचलं आणि तिथे साधा हिशोब मांडला गेला. त्या पाण्यातून लिथियमचा औषधाइतका डोस मिळवायचा तर माणसाने दिवसाला दीड लाख ते सव्वादोन लाख गॅलन पाणी प्यायला हवं. वॉशिंग्टन शहराजवळून वाहणाऱ्या पोटोमॅक नदीच्या पाण्यात त्यापेक्षा पाचपट लिथियम निघालं.

गॅलन आपल्याला कळत नाही म्हणून मी आपल्या भाषेत केलं. अमेरिकन गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या जरा वर. दीड लाख गॅलन म्हणजे साधारण ५,६८,००० लिटर. सोसायटीत मे महिन्यात येतो तो टँकर १०,००० लिटरचा. म्हणजे एका गुडघ्यासाठी रोज ५७ टँकर, आणि तो पण कमीत कमी आकडा, वरचा धरला तर ८५. आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पाणी गेलं की दोन लागतात आणि त्यावर मीटिंगमधे भांडणं होतात.

हा हिशोब तुम्ही कुठल्याही बाटलीचा करू शकता, अवघड काही नाही. लेबलवर मिलिग्रॅम प्रति लिटर असतं, ते घ्या, आणि डॉक्टर किंवा सरकारी आहारतक्ता दिवसाला किती म्हणतो ते घ्या, भागाकार करा. एव्हियन या फ्रान्सच्या बाटलीबंद पाण्याच्या लेबलवर कॅल्शियम लिटरला ८० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम धरलं तर पाण्यातूनच घ्यायचं म्हटल्यावर साडेबारा लिटर. कपभर दही खाल्लेलं परवडलं. उलट फ्रान्सचंच व्हिशी सेलेस्टिन्स घ्या, ते जड पाणी आहे, पोटातल्या ॲसिडिटीवर पिढ्यानपिढ्या पितात आणि त्यात खाण्याच्या सोड्याचाच अंश भरपूर असल्यामुळे तिथे कण खरा आहे, पण सोडियम लिटरला १,१७० मिलिग्रॅमच्या घरात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २,००० च्या खाली रहा म्हणते. म्हणजे बीपीवाल्या आजोबांनी एक लिटर प्यायलं तर निम्म्याहून जास्त कोटा पाण्यातच गेला, लोणचं-पापड अजून यायचंय. असली सूचना मी जमवलेल्या एकाही जुन्या जाहिरातीत मला दिसली नाही. जाहिरातीत काय नाही हे पण वाचायचं असतं, ते विसरू नका.

मग सही-शिक्के बघा. हुन्यादीच्या जाहिरातीत लीबिग आणि बुन्सेन यांची नावं असायची, दोघं खरेच मोठे केमिस्ट (शाळेतला बुन्सेन बर्नर आठवा). पण नीट वाचलं तर त्यांनी पाण्याचं पृथक्करण केलेलं असतं, म्हणजे आत काय काय आहे ते सांगितलेलं असतं. ते पिऊन काय होतं हे केमिस्ट सांगत नाही, ते खालच्या ओळीत जाहिरातवाला सांगतो, पण टाइप असा लावलेला की दोन्ही एकाच दमात वाचलं जातं. हा डाव एकदा दिसला की सगळीकडे दिसायला लागतो. मराठी जाहिरातींतही हेच, 'डॉक्टर-वैद्यांनी वाखाणलेले', 'हजारो प्रशंसापत्रे', 'नक्कलांपासून सावध', आणि प्रशंसापत्र देणारे रावबहादूर नेहमी लांबच्या गावचे.

आजारांची यादी वेगळ्या कागदावर उतरवा. मग १९५४ चा आपला ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा काढा, नेटवर मिळतो, त्याच्या शेवटी ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे त्यांचं परिशिष्ट आहे. शेजारी ठेवून टिक करत जा. संधिवात, लठ्ठपणा, किडनीतले खडे, मधुमेह, आणि हो, ब्राइट्स डिसीज, जे नाव आज डॉक्टरसुद्धा वापरत नाहीत, ते तिथे अजून बसलंय. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा अंगावर काटा आला, वाटलं कुणीतरी जुन्या जाहिराती समोर ठेवूनच ही यादी केली असावी.

रेडियम. १९०३ मधे जे. जे. थॉमसनला विहिरीच्या पाण्यात किरणोत्सार सापडला आणि युरोपातल्या झऱ्यांना लॉटरी लागली. शतकानुशतकं एक अडचण होती की झऱ्याकाठी जाऊन पाणी प्यायलं तर म्हणे गुण येतो आणि बाटलीतलं घरी आणलं तर येत नाही. आता उत्तर मिळालं! पाण्यात विरघळलेला रेडॉन वायू (रेडियमपासून निघतो तो किरणोत्सारी वायू) पावणेचार दिवसांत निम्मा होतो, म्हणून बाटलीत दम उरत नाही. हे शास्त्र बरोबर आहे बरं का, फक्त रेडॉनमुळेच गुण येतो हे कुणीच सिद्ध केलं नव्हतं. मग घरच्या घरी पाण्यात रेडॉन सोडणारी भांडी निघाली, आणि शेवटी थेट रेडियम घातलेलं पाणी, रॅडिथोर, अमेरिकेत १९२० च्या दशकात. एबेन बायर्स नावाचा उद्योगपती, १९०६ चा तिथला हौशी गोल्फ चॅम्पियन, हाताच्या दुखण्यासाठी डॉक्टरच्या सल्ल्याने हे प्यायला लागला आणि काही वर्षांत सुमारे १४०० बाटल्या प्यायला. त्याचा जबडा गळून पडत गेला, १९३२ मधे गेला. वाईट याचं वाटतं की या बाटलीवर लिहिलेलं खरं होतं, रेडियम खरोखर होतं. ज्यांनी फसवून नुसतं पाणी विकलं त्यांची गिऱ्हाइकं वाचली.

आता काळ कसा ओळखायचा ते पटकन सांगते कारण फोटोवर तारीख क्वचितच असते. विलायती जाहिरातीत व्हिक्टोरिया राणीसरकारचा उल्लेख असेल तर १९०१ च्या आधीची, राजेसाहेब असतील तर नंतरची. काचेच्या बाटलीचा साच्याचा सांधा थेट ओठापर्यंत गेला असेल तर मशीनची, म्हणजे १९०३ नंतरची धरा, ओठाखाली थांबत असेल तर बहुतेक हाताने ओठ लावलेली, जुनी. गोटीवाली बाटली १८७२ च्या आधीची असूच शकत नाही, हायरम कॉडने तेव्हा पेटंट घेतलं. देशी जाहिरातीत 'व्ही. पी. ने मागवा' (म्हणजे पार्सल हातात आल्यावर पोस्टमनला पैसे द्यायचे) असेल तर १८७७ नंतरची. आणे असतील तर साधारण १९५७ च्या आतली. आणि पत्त्यात 'मुंबई ४' असं असेल तर गिरगाव, आणि १९७२ ला पिनकोड आला त्याच्या आधीची (जुनी माणसं अजून तसंच लिहितात, आमचे काका लिहितात, तेव्हा एवढ्यावर पैज लावू नका).

मुंबईचं पाणी पण शेजारी ठेवून बघा. विहार धरणाचं पाणी १८६० ला आलं, त्याआधी विहिरी आणि तलाव, त्यात नारू. तुळशी १८७९, तानसा १८९२. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कोखने १८८४ मधे कलकत्त्यात पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू दाखवून दिला. मग ज्या शहरात नळाच्या पाण्यावर माणसाचा भरवसा नाही तिथे सीलबंद पाण्याची जाहिरात वाचणाऱ्याला वेडा म्हणता येत नाही. त्याला क्षारांशी काय देणंघेणं, त्याला पटकी नको होती. जेवणातल्या पाण्याचा खरा कण बहुतेक हाच असतो, पाण्यात काय आहे ते नाही, काय नाही ते.

बाटलीचा आकार पण जाहिरातच असतो. पेरिएची ती फुगीर हिरवी बाटली बघितलीय ना, ती आपल्या तालमीतल्या मुद्गलावरून घेतलीय! सेंट जॉन हार्म्सवर्थ नावाच्या इंग्रजाने फ्रान्समधला तो झरा घेतला, मोटार अपघातानंतर तो व्यायामाला मुद्गल फिरवायचा, त्यावरून आकार सुचला. त्याचे मोठे भाऊ म्हणजे लंडनच्या डेली मेल या पेपराचे मालक, त्यामुळे पेपरात जाहिरात कशी करायची हे घरातच शिकलेला. शिवाजी पार्कला व्यायामशाळेत मुद्गल दिसले की मला आता तहान लागते.

आणि बिसलेरी. आपण टपरीवर कुठलीही बाटली घेताना 'एक बिसलेरी' म्हणतो, पण हे नाव मुळात औषधाचं आहे. फेलिचे बिस्लेरी या इटालियनाने १८८१ मधे मिलानमधे फेर्रो-चिना नावाचं टॉनिक काढलं, लोह आणि सिंकोनाची साल घातलेलं मद्य, पोस्टरवर सिंह आणि वर प्रश्न, 'तब्येत हवीय?' मग प्या म्हणे. मुंबईत पाणी म्हणून ते नाव १९६५ मधे आलं, ठाण्याला कारखाना, काचेच्या बाटल्या, आणि १९६९ ला पार्लेने चार लाखांना घेतलं. तेव्हा लोक हसले असणार, पाणी कोण विकत घेतं म्हणून.

जाहिराती मिळवायच्या कुठे, तर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंजीवनी हा जुन्या पुस्तकं-पेपरांचा संग्रह ऑनलाइन आहे, तिथे तासन्‌तास जातात. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुने अंक, पण बातम्यांची पानं उलटून पुढे जायचं, माल मागच्या कव्हरवर असतो. फाउंटनला फुटपाथवर कधीमधी सुटी पानं. चोरबाजारात सकाळी लवकर जा, सांगितलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून सुरू करा आणि बाटली ओळखता येत नाही असा चेहरा ठेवा.

हात बसला की आजच्या जाहिरातीवर चालवून बघा. आमच्या मावशीने मागच्या वर्षी एक अल्कलाइन पाण्याचं मशीन घेतलं, किंमत सांगत नाही, स्कूटर आली असती. विकायला आलेल्या मुलाने रंगीत थेंब टाकून दाखवलं की नळाचं पाणी पिवळं आणि मशीनचं जांभळं. मावशी मला म्हणाली, "बघ गं, डोळ्यांनी बघितलंय मी." मी म्हटलं मावशी, रंग खराच आहे, पीएच नऊ असेल (सातच्या वर अल्कलाइन, खाली ॲसिड), तो खरा कण. पण पोटात गेल्यावर तिथे दोनच्या आसपास ॲसिड बसलंय, आणि रक्ताचं ७.३५ ते ७.४५ तुझी फुप्फुसं आणि किडन्या सांभाळतात, मशीन नाही. पत्रकात आजारांची यादी होती, मी ती उतरवून घेतली आणि १९५४ च्या परिशिष्टाशी ताडली. सहा जुळले. मावशी म्हणाली मग आता परत घेतील का? तर घेतलं नाही. आता त्याच्या पाण्यात ती डाळ शिजवते, लवकर शिजते म्हणते, आणि ते असेलही, डाळीत सोडा घातल्यावर शिजतेच की.

बाकी जमवणाऱ्यांसाठी दोन सूचना. सीलबंद भरलेली जुनी बाटली मिळाली तर उघडून चाखायची नाही, कितीही मोह झाला तरी, आत काय होतं आणि आता काय झालंय ते लेबलवरून कळत नाही. आणि परदेशातून कुणी जुनं रेडियमचं पाण्याचं भांडं शोभेला आणून देतो म्हणाला तर नको म्हणा, रेडियमला निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात, ते अजून चालू आहे.